अर्थसंकल्पातला तपकिरी रकाना

समजा, एखाद्या सरकारने पाणथळ जागा जपण्यासाठी १० कोटींची तरतूद केली. त्याच वर्षी पाणथळींवर भराव टाकून उभ्या राहिलेल्या कारखान्यांना ६० कोटींची करसवलत दिली. निसर्गाच्या बाबतीत सरकारने किती पैसा लावला? अर्थसंकल्पाचे पुस्तक उघडले तर उत्तर मिळते १० कोटी. त्या ६० कोटींचा खर्चाच्या पानांवर पत्ताच नसतो. करसवलत म्हणजे न आलेला महसूल. तो कुठल्याच लेखाशीर्षाखाली बसत नाही आणि बहुतेक ठिकाणी त्यावर दर वर्षी मतदानही होत नाही.

‘हरित अर्थसंकल्प’ या नावाने जे काम चालते, ते मुळात हे दोन आकडे एका पानावर आणण्याचे आहे. झाडे लावायला वेगळा निधी काढला की हरित अर्थसंकल्प झाला, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. शाळेच्या इमारतीपासून डिझेलवरच्या करापर्यंत सगळ्या पैशाला तीन प्रश्न विचारायचे असतात. याने हवामानाचे काय होते? जैवविविधतेचे काय होते? आणि लाभ कोणाला, भार कोणावर? प्रश्न साधे आहेत. उत्तरे लिहिताना मात्र हिशेब घसरतो, आणि जवळजवळ नेहमी एकाच बाजूला घसरतो: हिरवा रकाना फुगत जातो, निसर्गाला मारक पैशाचा तपकिरी रकाना कोरा राहतो.

आधी सगळा पैसा टेबलावर

पहिली पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती अर्धवट सोडली जाते. सरकारचा पैसा चार वाटांनी काम करतो. थेट खर्च ही पहिली वाट. ती सगळ्यांना दिसते. दुसरी करसवलतींची. तिसरी सरकारी कंपन्या, महामंडळे आणि सरकारने दिलेल्या कर्जहमीची. चौथी खुद्द करांची, कारण कशावर किती कर आहे यावरून लोक काय जाळतात, काय पेरतात आणि कुठे राहतात हे बऱ्याच अंशी ठरते.

कोळशावर चालणारे वीजकेंद्र सरकारी कंपनी कर्ज काढून बांधत असेल आणि त्या कर्जाला सरकारची हमी असेल, तर अर्थसंकल्पात त्या केंद्राच्या नावाने शून्य दिसू शकते. हमी वठवायची वेळ आली की मगच आकडा उगवतो. त्यामुळे फक्त पहिली वाट तपासणाऱ्या अहवालाला हरित म्हणायला हरकत नाही, पूर्ण म्हणू नये.

करसवलतींची यादी करताना लगेच एक वाद उभा राहतो. सवलत कशाच्या तुलनेत? डिझेलवरचा कर पेट्रोलपेक्षा कमी असेल, तर डिझेलला सवलत आहे की दोन इंधनांचे दोन दर आहेत? हे मूळ दर कोणता धरला त्यावर ठरते. म्हणून यादीच्या आधी मूळ दर लिहून जाहीर करावा लागतो. तो न लिहिता केलेली यादी दर वर्षी सोयीप्रमाणे लांब-आखूड होते. दुसरी एक खोच. सवलत ६० कोटींची असली तर ती काढल्यावर तिजोरीत ६० कोटी येतीलच असे नाही. दर वाढला की माणसे वागणे बदलतात, काही व्यवहारच होत नाहीत. हातात प्रत्यक्ष पडणारी रक्कम ६० पेक्षा कमी असते. हा फरक विसरून नव्या योजना जाहीर करणारे अर्थमंत्री पुढच्या वर्षी पुरवणी मागण्या घेऊन उभे राहतात.

या दडलेल्या बाजूचा आवाका किती? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबाने २०२२ मध्ये जगभरात जीवाश्म इंधनांवरची अनुदाने ७ लाख कोटी डॉलरची होती, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ७.१ टक्के. हा आकडा वापरताना जपून. त्यातले थेट, म्हणजे पुरवठ्याच्या खर्चापेक्षा कमी किमतीत इंधन देण्याचे अनुदान सुमारे १.३ लाख कोटी डॉलर आहे. उरलेले ‘अप्रत्यक्ष’: प्रदूषणामुळे होणारे मृत्यू, तापमानवाढ, रस्त्यांवरची कोंडी यांची किंमत इंधनाच्या दरात न धरल्यामुळे मोजलेले, शिवाय बुडालेला उपभोग कर. दोन्ही आकडे खरे आहेत, पण अर्थखात्याच्या वहीत लगेच सापडतील असे पैसे पहिल्या भागातच आहेत.

शेरा मारायचा कसा

यादी झाली की प्रत्येक ओळीवर शेरा मारायचा. याला टॅगिंग म्हणतात. पद्धती अनेक आहेत, पण त्यांचे दोन-तीनच मूळ प्रकार.

सर्वांत जुनी आणि सोपी पद्धत परदेशी मदतीच्या हिशेबातून आली. १९९८ पासून वापरात असलेल्या ‘रिओ चिन्हां’त तीनच गुण आहेत: प्रकल्पाचा मुख्य हेतू पर्यावरणाचा असेल तर २, दुय्यम हेतू असेल तर १, नसेल तर ०. यात मोजला जातो तो हेतू, परिणाम नव्हे. आणि १ गुण मिळालेल्या प्रकल्पाची किती रक्कम धरायची हे ज्याचे त्याने ठरवायचे. कोणी ४० टक्के धरतो, कोणी ५०. युरोपीय संघाने आपल्या अर्थसंकल्पासाठी याच कल्पनेतून ०, ४० आणि १०० टक्के असे तीन दर घेतले. नेपाळने २०१२-१३ पासून हवामानाचा संकेतांक लावला, तो खर्चाच्या वाट्यावर: कार्यक्रमाचा ६० टक्क्यांहून जास्त पैसा हवामानाशी संबंधित कामांवर जात असेल तर ‘अत्यंत संबंधित’, २० ते ६० टक्के असेल तर ‘संबंधित’, त्याखाली ‘तटस्थ’.

या तिन्ही पद्धतींत उणे गुणच नाहीत. नुकसान करणारा खर्च आणि निरुपद्रवी खर्च एकाच शून्यात जातात. फ्रान्सने सप्टेंबर २०२० मध्ये, २०२१ च्या अर्थसंकल्पासोबत पहिला अहवाल काढला तेव्हा ही चौकट मोडली. सहा निकष ठेवले: उत्सर्जन घटवणे, बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे, पाणी, कचरा व वस्तूंचा पुनर्वापर, प्रदूषण, जैवविविधता. प्रत्येक ओळीला प्रत्येक निकषावर उणे १ ते अधिक ३ यांपैकी गुण दिले. करसवलती धरून सुमारे ५७४ अब्ज युरोंच्या हिशेबात ३८.१ अब्ज अनुकूल निघाले, ४.७ अब्ज संमिश्र आणि सुमारे १० अब्ज प्रतिकूल. म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त रक्कम रंगहीनच राहिली. हा या पद्धतीचा दोष म्हणायचा की प्रामाणिकपणा, यावर मते वेगळी आहेत. पगार आणि सामाजिक लाभांचा मोठा भाग तटस्थ मानणे समजण्यासारखे आहे. पण तटस्थ ही गाठोडे ठेवायची कोपऱ्यातली जागा होऊ नये म्हणून एक नियम उपयोगी पडतो: एका मर्यादेपेक्षा मोठ्या प्रत्येक ओळीला ‘तटस्थ का’ याचे एक वाक्य लेखी द्यायचे.

छोटे उदाहरण करून पाहू. पाच ओळी घ्या. रेल्वेचे विद्युतीकरण २००. जंगलातून जाणारा नवा रेल्वेमार्ग ३००. वनरक्षकांचे पगार ५०. रासायनिक खतांवरचे अनुदान ४००. विमानांच्या इंधनावरची करसवलत १५०. हेतू बघून गुण दिले तर पहिल्या तीन ओळी हिरव्या, बेरीज ५५०, आणि ‘अर्धा अर्थसंकल्प हरित’ अशी बातमी तयार. परिणाम बघितला तर चित्र असे: निखळ हिरवे फक्त २५०, नवा रेल्वेमार्ग हवामानाला अनुकूल पण अधिवास तोडणारा, म्हणून ३०० संमिश्र, आणि खत व विमान इंधन मिळून ५५० प्रतिकूल. त्यातही खताचे अनुदान लहान शेतकऱ्याच्या हातात पडत असेल तर न्यायाच्या रकान्यात त्याला अधिकची खूण मिळते, विमान इंधनाला मिळत नाही. दोन्ही तपकिरी ओळी एकाच कात्रीने कापायच्या नसतात, हे तिसरा रकाना भरल्याशिवाय कळत नाही.

आणि रकाने एकमेकांत मिसळून एक सरासरी गुण काढायचा मोह टाळावा. हवामानाचे अधिक दोन आणि जैवविविधतेचे उणे एक मिळून अधिक एक होत नाही. संमिश्र ओळ संमिश्र म्हणूनच दाखवायची. निर्णय घेणाऱ्याला तिथेच थांबून विचार करायला लावणे हेच तर काम आहे.

जुळवून घेण्याच्या खर्चात एक वेगळी फसगत होते. पुरापासून वाचावा म्हणून एखादा पूल दीड मीटर उंच बांधला. पूल १०० चा, उंचीमुळे वाढलेला खर्च १२. हवामानाच्या खात्यात १२ लिहायचे की १००? उत्तर १२. पूल तर तसाही बांधायचाच होता. पण संकेतांक कार्यक्रमाच्या पातळीवर लावला की अख्खा पूल हिरवा होतो. म्हणून शेरा जितका खालच्या पातळीवर, उपशीर्ष किंवा कामाच्या पातळीवर, तितका हिशेब खरा. अडचण एवढीच की तितक्या खाली जायला माणसे आणि वेळ लागतो. हजारो ओळी तपासणे शक्य नसते. व्यवहारात मोठ्या ओळी खोलात जाऊन तपासायच्या आणि बाकीच्यांना कार्यक्रमाचा शेरा द्यायचा, असा मध्यममार्ग निघतो.

ठोक दर किती दगा देतात हे युरोपीय संघाच्या अनुभवातून कळते. २०१४ ते २०२० या काळात २१६ अब्ज युरो, म्हणजे अर्थसंकल्पाच्या २० टक्के, हवामानावर खर्च केल्याचे जाहीर झाले होते. संघाच्याच लेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की त्यातले किमान ७२ अब्ज वाढवून धरलेले आहेत आणि खरा वाटा १३ टक्क्यांच्या आसपास आहे. वाढीव भागातला मोठा हिस्सा शेतीच्या अनुदानांतला होता. त्याच लेखापरीक्षकांनी वर्षभर आधी नोंदवले होते की शेती-धोरणातले १०० अब्ज युरो हवामानाच्या नावे दाखवले गेले, तरी शेतीचे उत्सर्जन २०१० पासून घटलेले नाही. अनुदान घेताना पर्यावरणाच्या काही अटी पाळायच्या असत, एवढ्यावर त्याच्या एका भागाला हिरवा रंग चढला होता.

टन मोजता येतो, पाणथळ कशी मोजणार?

हवामानाच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. कार्बन डायऑक्साइडचा एक टन कुठेही सोडला तरी हवेवरचा परिणाम तोच. त्यामुळे त्याला किंमत लावता येते. प्रकल्प तपासताना ब्रिटनचे सरकार २०२१ च्या उत्सर्जनासाठी टनाला २४५ पौंड हा मधला दर धरते. वर्षाला १ लाख टन सोडणाऱ्या प्रकल्पाच्या खर्चात यामुळे दर वर्षी २.४५ कोटी पौंडांची भर पडते. हा पैसा कोणी कोणाला देत नाही. तो फक्त तुलनेच्या कागदावर असतो. पण त्या कागदावरच स्वस्त प्रकल्प महाग ठरतो आणि निवड बदलते.

इथे व्याजदरासारखे एक छोटे चाक सगळा गाडा फिरवते: सूट-दर, म्हणजे भविष्यातल्या रकमेची आजची किंमत काढण्याचा दर. पन्नास वर्षांनी होणाऱ्या १,००० च्या नुकसानीची आजची किंमत ३ टक्के दराने २२८ येते, ७ टक्क्यांनी केवळ ३४. धरण, बंदर, खाण यांच्या अहवालात पर्यावरणाचे नुकसान किरकोळ दिसत असेल, तर आधी हा दर शोधावा. ब्रिटनमध्ये तो ३.५ टक्के आहे आणि तीस वर्षांपलीकडच्या काळासाठी ३ टक्क्यांवर उतरतो, तो मुख्यतः दूरच्या भविष्याच्या अनिश्चिततेमुळे.

जैवविविधतेला असे एकक नाही. एका खाडीतली तिवरे तोडून दूरच्या डोंगरावर तितकीच झाडे लावली तर कार्बनचा हिशेब जुळवता येईल कदाचित. माशांची अंडी देण्याची जागा मात्र गेली ती गेली. म्हणून जैवविविधतेचा शेरा पैशाच्या टक्केवारीवर न लावता जागेवर लावावा लागतो. नकाशावर संवेदनशील क्षेत्रे आखायची, आणि कुठलाही खर्च त्या क्षेत्रात पडतो का हे पाहायचे. तोच रस्ता पडीक जमिनीतून गेला तर शून्य, गवताळ अधिवासातून गेला तर उणे.

झाडे लावण्याच्या कार्यक्रमाइतका या रकान्यात गोंधळ दुसरा कशाने होत नसेल. नैसर्गिक गवताळ प्रदेशावर एकाच जातीची परदेशी झाडे लावली तर हवामानाच्या रकान्यात अधिक आणि जैवविविधतेच्या रकान्यात उणे लिहायला हवे. लिहिले जाते दोन्हीकडे अधिक. दुसरी गोष्ट पैशाच्या प्रकाराची. खड्डे, रोपे, कुंपण हा एकदाचा खर्च मंजूर होतो. रोपांना पुढची तीन ते पाच वर्षे पाणी, निंदणी आणि गुरांपासून राखण लागते. तो महसुली खर्च, आणि काटकसरीची कुऱ्हाड पहिल्यांदा त्याच्यावरच पडते. रोपे मरतात, लेखाशीर्ष मात्र हिरवेच राहते. म्हणून अशा कामांत मंजुरीच्या वेळीच देखभालीची वर्षे आणि त्यांची रक्कम बांधून घ्यावी, आणि लावलेल्या नव्हे तर तिसऱ्या वर्षी जगलेल्या रोपांवर शेरा द्यावा.

डिसेंबर २०२२ मध्ये जगातल्या देशांनी मान्य केलेल्या कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखड्याने या बाबतीत आकडा बांधून दिला आहे. जैवविविधतेला मारक ठरणारी अनुदाने २०३० पर्यंत वर्षाला किमान ५०० अब्ज डॉलरनी घटवायची, आणि जैवविविधतेसाठी सर्व स्रोतांतून वर्षाला किमान २०० अब्ज डॉलर उभे करायचे. घटवायचा आकडा उभारायच्या आकड्याच्या अडीच पट आहे, हे लक्षात घेण्याजोगे. अशी अनुदाने कोणती हे २०२५ पर्यंत ओळखायचे होते. इटलीसारख्या देशात, जिथे २०१५ च्या कायद्याने मारक आणि तारक अनुदानांची सूची करणे बंधनकारक झाले, तिथे निदान सुरुवात कुठून करायची हा प्रश्न उरला नव्हता.

राज्ये आणि नगरपालिकांना वाटायच्या पैशातही जैवविविधतेला जागा देता येते. ब्राझीलच्या पराना राज्याने १९९१ च्या कायद्याने नगरपालिकांच्या कर-वाट्यात संरक्षित क्षेत्र आणि पाणलोटाचा निकष घातला. भारताच्या १४ व्या वित्त आयोगाने राज्यांच्या वाट्याच्या सूत्रात वनाच्छादनाला ७.५ टक्के वजन दिले, १५ व्याने वन व पर्यावरण या नावाने १०. कल्पना चोख आहे. जंगल राखणाऱ्याला गमावलेल्या उत्पन्नाची भरपाई. पण हा पैसा सर्वसाधारण तिजोरीत जातो, वनखात्याला त्यातला वाटा मिळेलच असे नाही. शिवाय सूत्र पाच वर्षांसाठी एकदाच ठरत असल्याने मधल्या काळात जंगल वाढले काय नि घटले काय, हप्ता तोच.

वरातीमागून घोडे

हरित अर्थसंकल्पाचे सर्वांत नेहमीचे अपयश पद्धतीचे नाही, वेळेचे आहे. आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या सात-आठ महिने आधी अर्थखाते सगळ्या खात्यांना परिपत्रक पाठवते. खाती प्रस्ताव पाठवतात, मग कमाल मर्यादा ठरतात, घासाघीस होते, शेवटी आकडे गोठतात. बहुसंख्य ठिकाणी शेरे मारायचे काम आकडे गोठल्यानंतर सुरू होते, तेही पर्यावरण खात्यात. तोवर बदलण्यासारखे काही उरलेले नसते. तयार होतो तो एक देखणा परिशिष्ट-ग्रंथ.

काम करायचेच असेल तर तिन्ही रकाने त्या पहिल्या परिपत्रकातच घालावे लागतात. नव्या प्रस्तावाला शेरा नसेल तर तो घासाघिशीच्या बैठकीत घ्यायचाच नाही, एवढा एक नियम दहा मार्गदर्शिकांच्या बरोबरीचा आहे. शेरा खात्याने प्रस्तावायचा, पण तपासायचा अर्थखात्याने. कारण आपल्या योजनेला उणे गुण देणारे खाते अजून जन्माला यायचे आहे. ऑस्लो शहराने २०१७ च्या अर्थसंकल्पापासून हवामानाचा हिशेब मुख्य अर्थसंकल्पाच्या आतच घेतला, आणि त्याची सूत्रे वित्त विभागाकडे दिली. तिथल्या तक्त्यात प्रत्येक उपायापुढे किती उत्सर्जन घटणे अपेक्षित आहे आणि जबाबदार विभाग कोणता, हे लिहिलेले असते. उपाय अडकला तर कोणाला विचारायचे हे शोधावे लागत नाही.

भार कोणावर

तपकिरी रकाना भरला की पुढचा विचार साहजिक येतो: काढून टाका ही अनुदाने. कागदावर त्याला न्यायाचाही आधार आहे. विकसनशील देशांतल्या इंधन अनुदानांच्या नाणेनिधीच्या एका अभ्यासात दिसले की वरच्या २० टक्के घरांना खालच्या २० टक्क्यांच्या सहापट लाभ मिळतो. साहजिकच आहे, गाड्या त्यांच्याकडे आहेत. फक्त ही सरासरी सगळ्या इंधनांना लावू नये. पेट्रोलच्या अनुदानाचा लाभ वर जातो. रॉकेलचा बराच खालपर्यंत पोचतो. आणि श्रीमंतांना एकूण रक्कम जास्त मिळत असली तरी गरीब घराच्या उत्पन्नातला तिचा वाटा मोठा असतो. सहापट लाभ घेणाऱ्याला अनुदान गेल्याचे जाणवत नाही. एकपट घेणाऱ्याची चूल अडते.

म्हणून क्रम सगळ्यात महत्त्वाचा. आधी भरपाई, मग दरवाढ. नायजेरियात १ जानेवारी २०१२ ला पेट्रोलचे अनुदान एका फटक्यात काढले गेले, लिटरमागे ६५ नायराचे १४१ झाले. देशभर संप आणि निदर्शने झाली आणि दोन-अडीच आठवड्यांत दर ९७ वर आणावा लागला. एक्वादोरमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये तसेच घडले, आणि तिथे तर हुकूम पूर्णच मागे घेतला गेला. इराणने डिसेंबर २०१० मध्ये उलट्या क्रमाने काम केले. लोकांची खाती उघडून माणशी महिन्याला सुमारे ४५ डॉलरइतके रियाल आधीच जमा केले, पण गोठवून ठेवले. दर वाढले त्या दिवशी ते काढता येऊ लागले. दरवाढ निभावली. मात्र रक्कम महागाईशी जोडलेली नव्हती. आकडा वर्षानुवर्षे तोच राहिला आणि त्याची किंमत विरघळत गेली. भरपाईच्या आदेशात निर्देशांकाची एक ओळ घालायला विसरणे इतके महाग पडते.

इंडोनेशियाने २००५ मध्ये इंधनदर दुपटीहून अधिक वाढवले तेव्हा सुमारे १.९ कोटी घरांना रोख मदत दिली. याद्या घाईत केल्या गेल्या, पात्र घरे सुटली, अपात्र आत आली, आणि गावोगावी तक्रारी झाल्या. यादी करायला वेळ लागतो, याला तोड नाही. दरवाढीची तारीख ठरवण्याआधी यादीची तारीख ठरायला हवी.

उत्पन्नाच्या पायऱ्यांनुसार केलेले तक्ते आणखी एक गोष्ट झाकतात. एकाच उत्पन्नगटातल्या दोन घरांवरचा भार कमालीचा वेगळा असतो: एक मेट्रोच्या स्थानकाजवळ राहते, दुसऱ्याला कामावर जायला रोज चाळीस किलोमीटर गाडी चालवावी लागते. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनावरच्या करवाढीविरुद्ध पिवळी जॅकेटे घालून रस्त्यावर आलेल्यांत या दुसऱ्या प्रकारची माणसे मोठ्या संख्येने होती. कार्बन कर टनाला ४४.६ युरोवर होता, २०१९ मध्ये तो ५५ व्हायचा होता. २०१८ च्या सुरुवातीला सरकारने संपत्ती कर रद्द करून फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता. दोन निर्णयांचा कागदोपत्री संबंध नव्हता, पण लोकांनी ते शेजारी-शेजारी वाचले. कर आजवर त्याच ४४.६ वर थांबला आहे. सरासरी तक्ता बरोबर होता. तो चुकीच्या रेषेवर कापलेला होता. उत्पन्नाबरोबर ठिकाण, प्रवासाचे साधन आणि घर तापवण्याचे इंधन असे काप घेतल्याशिवाय न्यायाचा रकाना भरला असे समजू नये.

रोजगाराचा भार तर आणखी टोकदार असतो, कारण तो एका खोऱ्यात, एका गावात एकवटतो. स्पेनने कोळसा खाणी बंद करताना ऑक्टोबर २०१८ मध्ये कामगार संघटनांशी २५ कोटी युरोंचा करार केला: लवकर निवृत्ती, नवे प्रशिक्षण, खाणींच्या जमिनी पूर्ववत करण्यात रोजगार, खाणपट्ट्यात गुंतवणूक. बंदची तारीख त्या वर्षाच्या अखेरीची होती. करार आधी, टाळे नंतर. राष्ट्रीय अर्थसंकल्पात ही रक्कम चिमूटभर आहे, आणि ती नेमक्या ठिकाणी पडली म्हणून चालली.

यशाने पडणारा खड्डा

हरित कराचा एक विचित्र स्वभाव आहे: तो यशस्वी झाला की त्याचे उत्पन्न आटते. नॉर्वेने विजेच्या गाड्यांना २००१ पासून मूल्यवर्धित करातून मुक्त केले, सोबत इतर सवलती. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के विजेच्या होत्या. हवामानाच्या रकान्यात हे झळझळीत यश. पण सवलतीचा मोठा वाटा महागड्या गाड्या घेणाऱ्यांकडे गेला, आणि वाहन करांचे उत्पन्न घसरत गेले. म्हणून २०२३ पासून गाडीच्या ५ लाख क्रोनरवरच्या किमतीवर कर सुरू झाला.

यातून हिशेबाला दोन धडे मिळतात. प्रत्येक हरित सवलतीला संपण्याची तारीख पहिल्या दिवशीच लिहावी, नाहीतर ती उद्याची काढता न येणारी सवलत होते. आणि इंधन कराच्या पैशातून कायमचे खर्च चालवू नयेत. एखादी कायमस्वरूपी आरोग्य योजना कार्बन कराला बांधली, तर उत्सर्जन घटेल तशी ती उपाशी राहील, किंवा तिला वाचवण्यासाठी उत्सर्जन घटू न देण्यात कोणालातरी रस निर्माण होईल. मुदतीच्या कामांना, म्हणजे घरांचे उष्णतारोधन, सार्वजनिक वाहतुकीचे नवे मार्ग, कामगारांचे पुनर्वसन यांना हा पैसा जास्त शोभतो.

वर्ष संपल्यावर

अर्थसंकल्पात छापला जातो तो अंदाज. पुढे सुधारित अंदाज येतो, मग प्रत्यक्ष खर्च. हिरव्या ओळींचे शेरे जवळजवळ नेहमी पहिल्या आकड्यावर मारलेले असतात. वर्षाच्या मध्यात तिजोरीला ताण पडला की कात्री प्रथम लागते ती नव्या, लहान, ओरडणारा पाठीराखा नसलेल्या योजनांना, आणि संवर्धनाच्या योजना बहुधा तशाच असतात. उलट पुरवणी मागण्यांतून इंधन अनुदानाची वाढीव रक्कम शेऱ्याविना निघून जाते. त्यामुळे पुरवणी मागण्यांनाही तेच तीन रकाने लागू करावे लागतात, आणि लेखे बंद झाल्यावर तोच तक्ता प्रत्यक्ष खर्चावर पुन्हा भरावा लागतो. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की ५०० मंजूर, १८० खर्च अशी एखादी हिरवी ओळ सापडते, आणि दोन ओळी खाली ३०० मंजूर, ४६० खर्च अशी तपकिरी. लेखापरीक्षकाने वाचायला सुरुवात करायची ती या दोन ओळींपासून.